दोन तोंडांच्या शेगडीवर जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. भोजनव्यवस्था अधिकारी,
रुग्णालयाचे मध्यवर्ती स्वयंपाकघर

विषय : मावशींच्या शेजारची जागा मला देणेबाबत.
संदर्भ : शेगडीच्या शिट्टीविषयीचा माझाच मागील महिन्याचा तक्रार अर्ज.

महोदय,

कीर्तनकार आख्यान लावण्याआधी मागे बसलेल्यांना पुढे बोलावून घेतात. तसा हा कागद आपण जरा जवळ घ्यावा. हकिकत लहान आहे, पण माझ्याच्याने ती कोरडेपणाने लिहवत नाही.

१. गॅस होता तेव्हा मी एकोणीस वर्षे मावशींच्या शेजारी उभी राहिले. त्या पद सुरू करायच्या, मी धृपद धरायची, आणि दोनशे रुग्णांचे सूप कधी झाले ते कळायचे नाही. इंडक्शन आल्यावर मावशींना दोन तोंडांची शेगडी मिळाली व दुसऱ्या तोंडापाशी नव्या बाई आल्या. मला भिंतीकडची एकटी शेगडी मिळाली.

२. त्यांची शेगडी शिट्टी मारायची. मी तक्रार केली. कानाला त्रास होतो असे लिहिले, ते खोटे नव्हते. पण त्या दोघींना वेगळे करावे हा हेतू मी लिहिला नव्हता.

३. मेकॅनिक आला. त्याने सांगितले, एक तोंड सातवर आणि एक चारवर असले की आतल्या लहरींचा मेळ बसत नाही, त्या फरकाची शिट्टी होते. दोघींनी एकच आकडा ठेवावा. आच कमी हवी तर दोघींनी मिळून थोडा वेळ बंद, थोडा वेळ चालू करावे.

४. तेव्हापासून दिवसभर माझ्या पाठीमागे चालते, "मावशी, पाचवर येऊ का?" "ये गं बाई, माझं दूध थांबलंय तुझ्यासाठी." एवढ्या लाडाने मावशी माझ्याशी एकोणीस वर्षांत बोलल्या नाहीत. शिट्टी बंद झाल्यामुळे आता गाणेही नीट ऐकू येते. नवी बाई धृपदात घाई करते. मावशी तिला हसून सांभाळून घेतात; माझ्यावर मात्र डोळे वटारायच्या.

५. माझी शेगडी अजिबात आवाज करत नाही. तिला कोणाशी जुळवून घ्यायचे नसते.

मावशी पुढील महिनाअखेर निवृत्त होत आहेत. तरी तेवढे सत्तेचाळीस दिवस मला त्यांच्या शेजारी उभे करावे. त्या म्हणतील तो आकडा मी ठेवीन. माझे दूध उतू गेले तर ते माझ्या पगारातून कापावे.

आणि एक. मावशी गेल्या की ते तोंड रिकामे होईल. नव्या बाईंवर माझा राग आहे, तो लपवत नाही. पण त्या दिवशी त्यांची आठवण ठेवावी व त्यांच्या शेजारी लगेच कोणाला तरी द्यावे. सवय झाल्यावर एकटीने रांधणे फार जड जाते. दुसरे कोणी मिळाले नाही, तर मला सांगावे.

आपली नम्र,
भिंतीकडच्या शेगडीवरील स्वयंपाकीण
दिनांक : १४

सोबत : मागील अर्जाची प्रत (वाचून फाडून टाकावी, ही विनंती).