नागूची तार

॥ श्री ॥
खालापूर, ६ नोव्हेंबर १९६३

चि. सुचेता हिस तात्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दिवाळीचे पत्र पोचले. तुझी काकू बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण रविवारी साजगावला भजनाला निघायचे म्हटले की गप्प बसतो.

आता मुद्द्याचे. तू कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवतेस म्हणून काका पुतणीला विचारतो आहे. माशाला विजेची ओढ असते का गं? हसू नकोस. पेन्शनीत निघाल्यापासून माझी संध्याकाळ पाताळगंगेच्या डोहावर गळ टाकून जाते. तिथे नागू असतो, माझा चौथीचा विद्यार्थी. आता त्याच्या मिशा पिकल्या. त्याचे पोट जाळ्यावर. मी त्याला सहज म्हणालो की हे पाणी खोपोलीच्या वीजघरातून फिरून येते, तेव्हा थोडीशी सौदामिनी त्याच्या अंगाला चिकटून येत असेलच, आणि मासे तिलाच भुलत असतील. मग म्हटले, पाहूच. दोरीबरोबर तांब्याची तार पाण्यात सोडली आणि काठावर तिला बॅटरीतले दोन सेल जोडले. काय सांगू! सोमवार ते शनिवार रोज शिंगटी, एकदा तर हातभर वाम. रविवारी बॅटरी काकूबरोबर भजनाला जाते. सेल नाहीत, तर दोरीला साधा हिसका नाही. सलग तीन रविवार हेच.

चाळीस वर्षे पोरांकडून मासोळीच्या कविता म्हणवून घेतल्या, पण तिला काय आवडते हे विचारायचे राहूनच गेले बघ.

उत्तर लवकर धाड. मायेत तूट नाही, फक्त टपालात आहे.

तुझा,
तात्या

॥ श्री ॥
कर्जत, ८ नोव्हेंबर १९६३

ती. तात्यांस सुचेताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचले आणि हसू आवरेना. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारले, तेव्हा काकांनी नदीत बॅटरी लावली आहे एवढेच सांगितले.

विजेने मासे ओढता येतात असे कुठेसे वाचल्याचे आठवते, पण खात्रीने सांगता येत नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की एकट्या तारेतून वीज वाहत नाही, तिला परत यायला दुसरी वाट लागते. म्हणजे तुमची सौदामिनी काठावरच बसून असते, तुमच्यासारखी.

आणि तात्या, रविवारी डोहाला पाणी किती असते हो? मुंबईच्या गिरण्या रविवारी बंद. विजेला मागणी कमी, म्हणजे वीजघरातून पाणीही कमी सुटणार. वरून पाणी आले की त्याबरोबर किडा-मुंगी येते आणि त्यामागे मासे, असे तर नसेल? एक करा. रविवारी सेल लावून बसा आणि सोमवारी सेलांशिवाय.

काकूंना नमस्कार. त्यांची बॅटरी त्यांना परत द्यावी. माझ्यावरचा लोभ मात्र परत मागू नये.

आपली,
सुचेता

॥ श्री ॥
खालापूर, १२ नोव्हेंबर १९६३

चि. सुचेता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझे डोके गरगरते आहे. तू म्हणालीस तसे केले. रविवारी काकूला कंदील दिला आणि सेल लावून बसलो. काही नाही. काल सेल घरी ठेवले, तर दोन शिंगट्या! पण काल वाराही निराळा होता, आणि मी गांडुळाऐवजी कणीक लावली होती. मग खोटे कोण? मी, सेल, का मासे?

ते राहू दे. आज सकाळी नागू अंगणात आला, खांद्यावर तारेचे भेंडोळे. शेजारच्या मळ्यावर विजेचा पंप बसला आहे, तिथली वीज तो शनिवारी जाळ्याला जोडणार. दोन सेलांत हातभर वाम येते, तर पंपाच्या तारेला आख्खा डोह येईल म्हणतो. मी आधी हसलो. तो गेल्यावर आठवले की जाळे ओढताना नागू कमरेइतक्या पाण्यात उभा असतो.

धावत गाठले. म्हटले, नागू, माझी तितकीशी खात्री नाही रे. तर उलट मलाच धीर देतो, की मास्तर बोलले म्हंजे पुस्तक बोललं, आता तुमी भिऊ नका. चौथीच्या पोरापुढे मास्तराने चुकलो म्हणायचे म्हणजे जीभ जड होते गं. आणि चुकलो की नाही हे तरी कुठे नक्की ठाऊक आहे? काय करू?

तुझा गोंधळलेला,
तात्या

॥ श्री ॥
कर्जत, १३ नोव्हेंबर १९६३

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

माशांचे काय ते पुढे बघू. माणसाचे नक्की आहे. पंपाच्या विजेला परतीची वाट जमिनीतूनही मिळते; ती पाण्यात उतरली तर नागूकाका पाण्यातून वर येणार नाहीत. खात्री नाही वगैरे म्हणू नका. चुकलो म्हणा. आजच. जीभ जड झाली तर माझे नाव सांगा.

घाईत, पण तितक्याच मायेने,
सुचेता

॥ श्री ॥
खालापूर, १७ नोव्हेंबर १९६३

चि. सुचेता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र शुक्रवारी हाती आले आणि तसाच डोहावर गेलो. नागू तार सोलत बसला होता. त्याला म्हणालो, मी चुकीचे शिकवले. त्याला पटेना. वर तोंडावर म्हणाला की आता गुपित उघडं पडलं म्हनून मास्तर फिरले, एकटेच वाम खानार. इतके लागले बघ! मग खिशातले दोन्ही सेल त्याच्या मुठीत दिले, मूठ मिटवली आणि नुसता गळ टाकला.

किती वेळ बसलो कोण जाणे. डोह आरशासारखा. मनात आले, आज मासा नाही लागला तर हा माणूस उद्या पाण्यात उतरणार. सगळ्या कविता विसरलो. मग वरून पाणी आले, काठची लव्हाळी हलली, आणि दोरी ताणली. चांगली थोरली शिंगटी! नागूने मूठ उघडून सेलांकडे पाहिले, मग माशाकडे, मग माझ्याकडे.

शेवटी हळूच विचारले, की मास्तर, चौथीत बाकीचं शिकिवलं त्याचं काय करू? पृथ्वी गोल हाय, ती तरी ऱ्हाऊ दे का?

म्हटले, राहू दे. त्याने मान डोलावली आणि तार माझ्या खांद्यावर टाकली. आता तिच्यावर काकूची लुगडी वाळतात.

शनिवारी त्याने साधेच जाळे ओढले. थोडेसे मिळाले, त्यातले अर्धे आमच्याकडे पाठवले. मासे कशाला भुलतात ते मला अजून कळलेले नाही. या म्हाताऱ्याला तू अशीच अधूनमधून रागावत जा.

तुझा,
तात्या

ता. क. पृथ्वीचे तेवढे नक्की ना गं? उलट टपाली कळव.