नक्कल अडवणाऱ्या दोन ओळी

सांगली, गुरुवार, १४ मार्च १९९६

...प्रोग्रॅममधल्या माझ्या दोन्ही ओळी खोडून मोरेसरांनी पुन्हा कम्पाइल केलं आणि खुर्ची मागे ढकलली. "गेली का न्हाई एरर? आवं मॅडम, मराठीत एम.ए. केलंय म्हणून जास्तीच्या ओळी लिहिता व्हय?" ऑफिसातले सगळे हसले. मीही हसले. का हसले?

जास्तीच्या नव्हत्या त्या. तासगावच्या कोल्ड स्टोरेजची बेदाण्याची नोंदवही म्हणजे माझ्या प्रोग्रॅममधला एक ऑब्जेक्ट, आणि उघडी फाइल त्याच्याकडे. त्याची नक्कल झाली, की ती संपताना फाइल बंद करून जाणार आणि मूळ वही बंद फाइलीत लिहीत राहणार. म्हणून नक्कल करायची वाटच मी दोन ओळींनी अडवली होती. सरांनी लिहिलेलं पावती छापायचं फंक्शन वहीची नक्कलच मागत होतं. ओळी तपासणारा कम्पायलर नाही म्हणाला. बरोबर म्हणाला. त्या फंक्शनात एक & चिन्ह घातलं असतं तर नकलेऐवजी मूळ वहीच आत गेली असती. हे मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा का नाही? ऑफिस त्यांचं म्हणून?

उद्या तासगावला दाखवायचंय. माझा पहिला प्रोग्रॅम. चालला तर नोकरी कायम. दोन ओळी परत घालायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. पण प्रोग्रॅमची फ्लॉपी सरांच्या खिशात गेली.

शुक्रवार. पहिली पावती निघाली, आणि तिच्यासाठी झालेली नक्कल फाइल बंद करून गेली. दुसरी पेटी वहीत चढलीच नाही. सर स्टोरेजच्या मालकांना म्हणाले, "प्रोग्रॅम मॅडमनी केलाय. नव्या हाईत." अकराच्या एसटीने मी एकटी परत आले.