खोटी सूचना

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, एका सुताराची विधवा आणि एका मुलाची आई, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. डॉक्टरांनी तपासून माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी थेट दोनपर्यंत उतरले, तेव्हा तेच कंटाळले.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं आहे असं कोणी सांगू लागलं, तर तो माझा दीर असेल आणि ते खोटं असेल.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पत्र्याची शेड, हे माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावं. घर ठेवायचं की विकायचं हे त्याने ठरवावं. शेडमध्ये पाऊल टाकायला त्याला जड जात असेल तर ती पाडून टाकावी, त्यात माझा किंवा त्याच्या बाबांचा अनादर होत नाही.

कलम २. बँकेतली सर्व शिल्लक माझ्या नातीच्या शिक्षणासाठी आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने, म्हणजे माझ्या सुनेने, ती सांभाळावी. मुलाने नाही. तो लबाड आहे म्हणून नाही. त्याच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. पण सध्या त्याचं मन थाऱ्यावर नाही, आणि ते का नाही हे पुढे कलम ५ मध्ये लिहिलं आहे.

कलम ३. यांची हत्यारं. करवती, पटाश्या, तीन रंधे, गुण्या, शिकंजे आणि पेटीतलं बाकी सगळं लाकूडकाम शिकवणाऱ्या शाळेला द्यावं. चौथा, मोठा रंधा माझ्या दिराने एका दिवसासाठी म्हणून नेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. तो दिवस अजून मावळलेला नाही. शाळेने तो त्याच्याकडून मागून घ्यावा. यापेक्षा जास्त मी त्याच्याविषयी लिहीत नाही, कारण कागद संपेल.

शेजारच्या शिंपीणबाईंना मला पुष्कळ द्यायचं होतं. पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील म्हणतात. म्हणून यांनी बनवलेलं सागवानी कापड बेतायचं टेबल मी त्यांना गेल्या महिन्यातच देऊन टाकलं आहे. कोणी परत मागू नये.

कलम ४. मनगटी घड्याळ. हे काळं, रबरी पट्ट्याचं घड्याळ कपाटाच्या वरच्या खणात आहे. ते कोणालाही देऊ नये, विकू नये, नातीच्या हातात तर मुळीच पडू देऊ नये. फोडून टाकावं.

हे घड्याळ मुलाने आपल्या बाबांसाठी आणलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, इथून दोन तासांवर राहतो. यांना चक्कर यायला लागली तेव्हा त्याचा जीव राहीना. माणूस पडला की घड्याळाला कळतं, ते आधी मनगटावर थरथरून विचारतं, ‘तुम्ही ठीक आहात का?’ उत्तर आलं नाही तर माझ्या आणि मुलाच्या मोबाईलवर सूचना पाठवतं. मोबाईलवर दोन बटणं येतात. हिरवं, ‘मदत पाठवतो’. करडं, ‘खोटी सूचना’. दोघांपैकी एकाने करडं दाबलं की दुसऱ्याच्या मोबाईलवरची सूचनाही पुसली जाते.

मुलाने हे सगळं आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. हे म्हणाले, “म्हणजे मी पडायचं इथं, आणि घड्याळाने बोंब मारायची तिकडं?”

“बाबा, थट्टा नको. घालायचं म्हणजे घालायचं.”

यांनी घातलं. पण हे सुतार. पटाशीवर हातोड्याचा घाव बसला की घड्याळाला वाटायचं माणूस कोसळला. यांना कमी ऐकू यायचं आणि कामात थरथर जाणवायची नाही. पहिल्याच आठवड्यात मुलाने तीनदा घाबरून शिंपीणबाईंना फोन केला, आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. तीनही वेळा त्या हातातली कात्री तशीच घेऊन धावत आल्या आणि हे आपले ढलप्यांत उभे, दाराच्या चौकटीला खाच पाडताहेत. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, “बाई, एक दिवस मी पडून नाही मरणार, तुमची कात्री लागून मरेन.”

आम्ही हसलो. मग रोजचं झालं. दिवसातून पाच-सहा खोट्या सूचना. मी करडं बटण दाबायची, नाहीतर मुलगा दाबायचा. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असला तर खिशात हात घालून, न बघताच दाबायचा. मी भाजी निवडता निवडता दाबायची. सवयीने डोळे मिटतात तसं ते झालं होतं.

कलम ५. माझा मोबाईल. तो मुलाला मिळावा. उघडायचे आकडे त्याच्या जन्मतारखेचे आहेत. आत घड्याळाचं ॲप अजून आहे, मी ते काढलेलं नाही. त्यात ‘जुन्या नोंदी’ नावाचं पान आहे. ते त्याने उघडावं. तिथे काय दिसेल ते मी इथे लिहिते, म्हणजे त्याला एकट्याने शोधावं लागणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात मला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. पूर्वी साहेबासमोर उभं राहिलं की झालं. आता मोबाईलसमोर तोंड धरायचं, तो सांगेल तेव्हा पापण्या मिटायच्या, उघडायच्या, मग तो ठरवतो माणूस जिवंत आहे की नाही. घरी जमेना. सकाळी त्यावरून आमचं वाजलं. हे म्हणाले, “मी धरतो मोबाईल, तू नुसती बस.” यांचा हात हलला, चित्र बिघडलं, तसं तीनदा झालं. मी म्हटलं, “राहू दे. तुमच्याच्याने एक फोन धरवत नाही सरळ.” ज्या माणसाने आयुष्यात एक रेघ वाकडी मारली नाही, त्याला मी हे म्हटलं. हे मोबाईल माझ्यासमोर ठेवून उठले. शेडमध्ये गेले. मी चप्पल घालून पेन्शन कार्यालयात गेले.

तिथे रांग होती. खिडकीतल्या मुलीने माझा मोबाईल घेऊन समोर धरला. पहिल्यांदा उजेड कमी पडला. दुसऱ्यांदा मागचा माणूस चित्रात आला. तिसऱ्यांदा सगळं जुळलं, मी पापण्या मिटल्या, उघडल्या, पडद्यावर गोल फिरू लागला, आणि त्यावर सूचना येऊन बसली. पडल्याची.

मुलगी म्हणाली, “आजी, हे काय आलं? हे गेलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.”

मी म्हटलं, “काही नाही गं, आमच्या यांची हातोडी आहे.” आणि हात पुढे करून करडं बटण दाबलं.

तेव्हा अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. दाखला मिळाला. मुलगी म्हणाली, “झालं, तुम्ही जिवंत आहात.” रांगेतले लोक हसले, मीही हसले.

मी लगेच घरी आले नाही. रागात होते. वाटेत मोबाईलच्या दुकानात पडद्याला नवी काच लावून घेतली, दुकानदाराशी बुडबुड्यावरून वाद घातला. घरी पोचले तेव्हा दीड वाजून गेला होता. हे शेडच्या दारात पडले होते. हातात हातोडा नव्हता. बाकावर कामाचं लाकूडही नव्हतं. दारापर्यंत आले होते, म्हणजे कोणाला तरी हाक मारायला निघाले असणार. शिंपीणबाई भिंतीपलीकडे मशीनवर होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय होतं. अर्ध्या तासात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. शिंपीणबाईंना आमच्या दारात यायला एक मिनिट लागतं.

संध्याकाळी मुलगा आला. बाबांजवळ बसला आणि मोबाईल काढून मला दाखवला. “आई, सूचना आली होती. आली आणि गेली. मी खड्ड्यात होतो, खिशात हात होता माझा. माझ्याच हाताने बंद झालं गं.”

त्याच क्षणी मला सांगता आलं असतं. “नाही बाळा, मी दाबलं,” एवढेच शब्द. चौतीस वर्षं मी एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या. मरणाच्या, जन्माच्या, नोकरी लागल्याच्या बातम्या माझ्या हातातून गेल्या, एकही लाइन मी मुद्दाम तोडली नाही. त्या दिवशी मी गप्प राहिले. गप्प राहिले एवढंच नाही, मी म्हटलं, “ते ॲप काढून टाक तुझ्या फोनातून. मला बघवत नाही.” त्याने माझ्यादेखत काढलं. त्याला वाटलं आई दुःखाने बोलते. मला जुन्या नोंदींची भीती होती. तिथे स्पष्ट लिहिलं आहे: ११.४२, खोटी सूचना, आईचा मोबाईल.

पुढे काय झालं ते घरातल्यांना ठाऊक आहे, पण का झालं ते ठाऊक नाही. मुलगा दोन मोबाईल बाळगू लागला, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. आंघोळीला जाताना बायकोला दाराशी मोबाईल धरून उभं करायचा. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं त्याने सोडलं, तिथे आवाज पोचत नाही म्हणून. मग काम गेलं. सहा वर्षांच्या पोरीच्या हातात दुसऱ्या कंपनीचं तसलंच घड्याळ बांधलं. ती शाळेत दोरीवरच्या उड्या मारायची आणि हा धापा टाकत फाटकात उभा. बाई आधी समजावायच्या, मग रागवायला लागल्या. पोर घड्याळ घालताना रडायची. सुनेने दीड वर्ष काढलं. ती मला म्हणाली, “आई, तुम्ही एकदा त्यांना सांगा ना, त्यांची चूक नाही म्हणून. तुमचंच ऐकतील.” मी म्हटलं, “सांगेन.” तिने वाट पाहिली आणि मग लेकीला घेऊन वेगळं घर केलं. तिला कोणी दोष देऊ नये. तिने माझ्याकडे मागितलं ते माझ्याकडे होतं आणि मी दिलं नाही.

म्हणून जाहीर करते की माझ्या पतीच्या मृत्यूत माझ्या मुलाचा कोणताही दोष नाही. त्याच्या मोबाईलवरून काहीही दाबलं गेलं नव्हतं. नऊ सेकंदांत सूचना बंद झाली. त्याचा हात खिशात पोचण्याआधीच माझा पोचला होता.

कलम ६. माझ्यामागे मुलाने मला क्षमा केलीच पाहिजे असं या मृत्युपत्रात काहीही नाही. त्याने माझा फोटो लावू नये असं त्याला वाटलं तर लावू नये.

कलम ७. वरची सहा कलमं मी सोमवारी लिहून संपवली. आज गुरुवारी दोन्ही साक्षीदार सहीला आल्या. वकील म्हणाले होते साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही. पण एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर बसणारी माझी मैत्रीण, जिला आम्ही सगळ्या ‘खणखण’ म्हणायचो, ती वाचल्याशिवाय दुधाच्या पावतीवरही सही करत नाही. तिने वाचलं. मग शिंपीणबाईंना वाचायला दिलं. शिंपीणबाई खाली बघत बराच वेळ पदराचा काठ दुमडत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, “मशीन चालू होतं हो माझं.”

खणखण म्हणाली, “अगं, मेल्यावर कबुली देऊन काय मिळवणार? तो भांडणार कोणाशी, कपाटाशी? आत्ता लाव फोन.”

“आत्ता?”

“आम्ही आहोत ना. लाव.”

मी लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

“आई! काय झालं? पडलीस का?”

“नाही रे.”

“छातीत दुखतंय? खरं सांग. शिंपीणकाकूंना पाठवू?”

“त्या इथंच आहेत. काही झालं नाही.”

“मग फोन का केलास?”

खणखणने माझा हात धरला होता. शब्द जिभेवर होते. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, धावून आल्यासारखा.

मी म्हटलं, “सहज. जेवलास का?”

त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “जेवतो. तू कधीही कर फोन, आई. आता नाही चुकणार माझ्याकडून. हातातच असतो माझ्या.”

मी फोन ठेवला. खणखणने माझा हात सोडला आणि सहीसाठी पेन मागितलं. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा कलम ५ जसं आहे तसंच राहील. मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. त्यांना एकच विनंती आहे. हे माझ्या मुलाला फोनवर कळवू नये. त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, कलम ५ आधी वाचावं. सुनेला बोलवावं. वाचून झाल्यावर लगेच उठून जाऊ नये.

मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

लिहून देणार : सही
(निवृत्त टेलिफोन ऑपरेटर)

साक्षीदार १ : सही
(शेजारीण, शिवणकाम)

साक्षीदार २ : सही
(निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, उर्फ खणखण. मजकूर वाचून सही केली आहे.)

स्थळ : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : १२ मार्च २०२६, गुरुवार, दुपार