सोमवारी पाचवीच्या वर्गावर

ती. आईस वाकून नमस्कार,

माझी तब्येत छान आहे, जेवणही वेळेवर होतं, तेव्हा ती काळजी आधी सोड. बाबांचा गुडघा कसा आहे?

येत्या सोमवारपासून मला शिकवायला खरी शाळा मिळाली आहे. पाचवीचा वर्ग, विषय गणित, मुलं बेचाळीस. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नाहीत. 'बोलण्याचं काम नको घेऊस,' असं बाबा काळजीपोटी म्हणाले होते, म्हणून त्यांना जरा बेतानेच सांग.

आज इथे अध्यापक विद्यालयात शेवटचा सराव पाठ होता. आमच्याच मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसल्या होत्या आणि आम्हाला शिकवणाऱ्या बाई मागच्या बाकावर. 'भागाकार' म्हणायला गेले आणि 'भ'वरच जीभ अडली, लहानपणी अडायची तशीच. दोघी हसल्या. मग मी वळून तो शब्द फळ्यावर लिहिला आणि वाचायची खूण केली. सगळ्यांनी मोठ्याने वाचला, त्यांच्या आवाजात माझाही सुटला. पुढचा पाठ सुरळीत झाला.

नंतर बाईंना विचारलं, "खरी मुलं हसली तर?"

"हसतीलच की," त्या म्हणाल्या. "तू आधीच सांगून टाक."

म्हणून पहिलं वाक्य ठरवलंय, 'मी कधीकधी अडखळते, तेव्हा जरा थांबायचं.' आरशासमोर ते अकरा वेळा म्हटलं. सात वेळा अडखळले, पण एकदाही अर्धं सोडलं नाही.

धाकटीला गोड पापा.

तुझी,
थोरली