ताठ लोंब्या

११ मे

कत्तिरी, म्हणजे इथल्या उन्हाळ्याचा ऐन तडाखा, सुरू. पहाटेसुद्धा नळाला कढत पाणी — गीझर विकणारे रडत असतील.

मामंजी मात्र गच्चीवर. पंच्याऐंशीचे सासरे, चेन्नईतल्या अड्यारची गच्ची, रंगाचे रिकामे डबे आणि त्यांत भात! तंजावरकडचं शेत विकलं, तिथे प्लॉट पडले. मामंजींनी बियाणं तेवढं उचलून आणलं. हे घरचं भात आता दुसऱ्या कुणाकडेच नाही. गेली दोन वर्षं दाणा भरला नाही. फुलोऱ्यात रात्री तापल्या की धरतच नाही म्हणे. संशोधन संस्थेतल्या रंजनीबाई ते थंड कोठीत कायमचं जपायला तयार आहेत, पण बी ताजं हवं. म्हणजे यंदा भरलं तर वाचलं.

आमचे हे, गिरीधर, म्हणतात, अप्पांचा छंद आहे, असू दे. या माणसाने घरात तीन एसी बसवून तिन्हींची गरम हवा गच्चीवर सोडली आहे.

१६ मे

संस्थेत चर्चासत्र. विषय : तापती पृथ्वी आणि तृणधान्यं. सभागृहात असा गारठा, की वक्त्यांनी सत्काराच्या शाली मिळाल्या मिळाल्या पांघरल्या. भात, गहू, नाचणी, गुरांची कुरणं — एकेका स्लाइडमध्ये एकेक मेलं. मग जेवायला पास्ता.

मामंजी माझ्या कानाशी म्हणाले, "सुंदरी, इथं पेरायला हवं होतं."

१७ मे

अजून हसू येतंय. ते विनोद करत नसावेत.

२३ मे

विहीणबाई शैलाताई पुण्याहून आल्या. त्यांची सावनी आणि आमचा विजयेंद्र इरुंगाट्टुकोट्टैच्या एकाच कारखान्यात. मोटारी बनवता बनवता लग्न ठरलं. शैलाताई गच्चीवर गेल्या आणि हरखल्याच. किती ताठ उभ्या आहेत लोंब्या, काय रुबाब! फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. अंगठ्यांचा पाऊस. सेक्रेटरी रामस्वामींनी आम्हाला 'हरित कुटुंब' जाहीर करून टाकलं. मीही मिरवलं. पेपरातल्या माझ्या सदरासाठी एक परिच्छेद मनात तयारसुद्धा झाला!

मामंजींनी एक लोंबी चिमटीत दाबून पाहिली.

"दाणा असता तर वाकली असती."

सगळ्या पोचट. शैलाताईंनी फोटो काढून टाकला नाही. लाइक्स फार होते.

२४ मे

एसीची तोंडं फिरवून घ्या म्हटलं, तर गिरीधर म्हणाले, आता काय उपयोग. सरकारी अहवालात शोभेल असं वाक्य.

३० मे

आशा एकच — मामंजींच्या पितळी डब्यात उरलेलं जुनं बी. गारवा आला की पेरायचं. 'चेन्नईत गारवा' हे शब्द मी शुद्धीत लिहिले आहेत. रंजनीबाई थांबायला तयार आहेत. एसी हलले नाहीत तर पुढचा लेख नवऱ्यावर.

७ जून

लग्न झालं. गृहप्रवेश.

आमच्याकडे उंबऱ्यावरचं माप तांदळाचं नसतं, भाताचं असतं. तेही घरच्या शेतातलं. शेत कुठलं आता! मी दुकानातून पिशवी आणून ठेवली होती. दारात पाहते तर माप आधीच भरलेलं. ते काळपट तूस मी कुठेही ओळखीन — पितळी डब्यातलं बी! तोंडातून शब्द फुटायच्या आत सावनीचं पाऊल लागलं, माप लवंडलं, टाळ्या! पाहुणे दाणे तुडवत पंगतीला गेले.

मी कांजीवरमात गुडघ्यांवर. दाणा दाणा वेचतेय. सावनीही शेजारी बसून वेचू लागली — बिचारीला वाटलं, तंजावरकरांची प्रथाच असेल! शैलाताई व्हिडिओ काढत होत्या.

माप कुणी भरलं, ते संध्याकाळी कळलं. मामंजींनीच.

८ जून

वेचलेलं भात मामंजींपुढे ठेवलं. म्हटलं, एवढं तर पेरू.

"पोदुम, सुंदरी. पुरे. ओल्या फडक्यात बांधून पाहिलं होतं. एकालाही मोड आला नाही."

मग म्हणाले, "मापाला चालतं."