शके नव्हे, फसली

मी, उत्तरेश्वर मन्मथआप्पा शेटे, वय ५७, अविवाहित, धंदा वार्ताहर, राहणार घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी थोरली बहीण वत्सलाबाई हिचे मत वेगळे आहे, पण तिने ते लेखी दिलेले नाही.

१. स्टेशन रस्त्यावरील शेटे जनरल स्टोअर्सची इमारत भावाबरोबरच्या नोंदणीकृत वाटणीत माझ्याकडे आली. भाऊ आता हयात नाही. त्याचा मुलगा रामेश्वर शेती पाहतो. माझ्या नावची चार एकर जमीनही मी त्याला बक्षीसपत्राने दिली आहे. सबब या कागदात त्याला काही नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. घेतल्यास मनातल्या मनात घ्यावे.

२. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर या इमारतीचे वर्णन 'दगडमातीचे जुने घर' एवढेच आहे. हा तिचा अपमान आहे. ओटा काळ्या दगडाचा आणि बैलगाडीच्या तळाइतका उंच, म्हणजे पोते उचलावे न लागता सरकवता यावे. त्यामुळे गिऱ्हाइकाचे डोके दुकानदाराच्या पायाशी येई. तीन पायऱ्या माझ्या वडिलांनी घातल्या, तेव्हा कुठे उधार मागणाऱ्याला मान वर करता आली. दर्शनी दार अकरा सागवानी फळ्यांचे, खाचेत एकेक सरकवायच्या. वर माळवद, म्हणजे तुळयांवर फळ्या आणि त्यावर हातभर पांढरी माती; वैशाखातही आत माठासारखा गारवा. मागच्या भिंतीत एक बुजवलेले दार आहे. त्याचा उंबरठा बाहेरच्या जमिनीपासून पुरुषभर उंच. बाहेर पायरी नाही, पायरीची खूणही नाही. त्या दारातून कोण जात होते आणि कुठे पडत होते, हे मला तीस वर्षांत कळलेले नाही.

३. आता कबुली. दारावरच्या दगडात '१३४१' असे साल कोरले आहे. ही इमारत आजोबांनी एका परगावच्या व्यापाऱ्याकडून विकत घेतली होती, त्यामुळे बांधली कोणी आणि कधी, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला. साल दिसले की शके समजायचे, ही आमची खोड. शके १३४१ म्हणजे इसवी सन १४१९. २००८ साली मी बातमी दिली: 'घाटनांदुरात सहाशे वर्षांपूर्वीचे दुकान'. शाळांच्या सहली आल्या. एका पुढाऱ्याने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिले.

२०१९ च्या दिवाळीत रंगकामाआधी मी त्या आकड्यांच्या उजवीकडचा चुना खिळ्याने खरवडू लागलो. वत्सलाबाई गल्ल्यावरून म्हणाली, "कावून खरवडतूस बे? भिंत हाय, लॉटरीचं तिकीट न्हाई." चुन्याखालून आधी 'फ' निघाला, मग 'सली'. फसली म्हणजे निजामाच्या महसुली कारभारातले साल. त्यात पाचशे नव्वद मिळवायचे. उत्तर आले १९३१. शिलालेख फसली होता; फसलो मी.

तिसऱ्याच दिवशी रामेश्वर मोजमाप करणारा माणूस घेऊन आला. "काका, खाली सहा गाळे, वर हॉल. लई भारी काँप्लेक्स हुईल. पर तुमचं ते सहाशे वर्षं आडवं येतंय. पाडलं तर पुरातत्त्ववाले केस करतील." मी चहा पीत राहिलो. मालक मी, पण पुतण्याला तोंडावर नाही म्हणणे मला कधी जमलेले नाही. खुलासा छापला असता तर दुसऱ्या दिवशी घण पडला असता, म्हणून सहा वर्षे छापला नाही. वार्ताहर म्हणून ही लबाडी आहे. येथे ती दुरुस्त करीत आहे, कारण मृत्युपत्रात साल खोटे लिहिले तर उद्या कोणी म्हणेल, याने मालकीही अशीच वाचली असेल.

४. खोट्या सालाचा आधार मी काढून घेतो आहे, तर खरा आधार देणे भाग आहे. वत्सलाबाई विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली आणि गेली बेचाळीस वर्षे हे दुकान तीच चालवते. गाव 'आक्काचं दुकान' म्हणते. तिचे नाव मात्र एकाही कागदावर नाही. वकिलांनी सुचवले, तिला तहहयात हक्क द्या, पश्चात रामेश्वरला. मी तिला विचारले. ती म्हणाली, "तहहयात म्हंजी पोराला माझ्या मरणाची वाट बघायला लावतूस व्हय?" सबब जागा, इमारत, दगड, फळ्या आणि आतील माल यांची पूर्ण मालकी मी तिला देतो. तिने ठेवावी, विकावी किंवा पाडावी. तिला अट घालून आजवर कोणाचे भले झालेले नाही.

५. रामेश्वरची मुलगी दिपाली लातूरला वास्तुशास्त्राचे शिक्षण घेते. तिला माझी मोजमापांची वही, लोखंडी टेप आणि ते बुजवलेले दार, प्रश्नासह. उत्तर सापडल्यास छापण्याआधी तिने भिंत नीट खरवडावी.

६. शेजारी भागवत सोनवणे याने वीस वर्षे माझा पेपर माझ्याआधी वाचला. त्याला काहीही नाही. म्हणूनच तो साक्षीदार चालतो.

दुसरा साक्षीदार म्हणून मी मुद्दाम रामेश्वरला बोलावले. त्याने कलम ३ दोनदा वाचले.

"म्हंजी तवा पाडलं असतं, तर कुणी काईच म्हनलं नसतं?"

"नाही."

"आन् तुमी सा वर्षं गप?"

त्याने पेन खाली ठेवला आणि दारात जाऊन उभा राहिला. वत्सलाबाई हिशेबातून मान न काढता म्हणाली, "रामा, सही कर, न्हाईतर करू नको. पर दारात हुबा ऱ्हाऊ नको, गिऱ्हाईक खोळंबलंय." तो आत आला. त्याने सहीवर काय लिहिले ते खाली आहेच. मी त्यात काना-मात्राही बदललेला नाही.

ठिकाण: घाटनांदूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: उत्तरेश्वर मन्मथआप्पा शेटे (सही)

साक्षीदार १: भागवत सोनवणे (सही)

साक्षीदार २: वाचलं. काका लबाड आहेत. आत्याचा हक्क मान्य आहे. रामेश्वर शेटे (सही)