बुटातले पुठ्ठे

अगं,
रात्रपाळीवरून आलीस की झोपायच्या आधी हे वाच. आज नवे खेळ सुरू होतायत, म्हणून मला पहाटेच अम्युझमेंट पार्कवर बोलावलंय आणि ड्यूटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो, म्हणून लिहून ठेवतोय.

त्यातल्या नव्या गिरकीच्या झोक्यात बसायला आपल्या पोरीची उंची दोन बोटं कमी पडते. ती रडली म्हणून मी तिच्या बुटांत पुठ्ठे घातले. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. काल उंचीची रेघ बरोबर आहे का ते बघायला आम्ही तिच्याएवढा बाहुला बसवला. पहिल्याच गिरकीत तो मांडीवरच्या दांडीखालून सटकला आणि कुंपणापलीकडे जाऊन पडला.

पुठ्ठे मी फेकून दिलेत. तिला उठवून समजावलं, ती हो म्हणाली. तिचं हो तुला माहीत आहे. आता युक्ती तिला येते, आणि ती मीच शिकवली.

जमलं तर आज नेऊच नकोस. घर डोक्यावर घेईल, घेऊ दे. न्यावंच लागलं तर निघताना बुटांत हात घालून बघ. बाकीचे नवे खेळ खेळू दे, पण तिचा हात सोडू नकोस, नजर चुकवून ती त्या रांगेत शिरेल. रेघेपाशी उभा असतो त्याला मी सांगेनच, पण गर्दीत तो फक्त डोकी बघतो.

मला नंतर हवं तेवढं बोल. आज झोका मीच चालवतोय. केबिनमधून आत कोण बसलंय ते दिसत नाही. हिरवा दिवा लागला की मी बटण दाबतो.